गौर, मंदिरपथगामिनी आणि वेताचे चिलखत

समकालीन शिल्पकलेत स्त्रीचे परीकथेतील स्वप्न आणि माणसाचे मर्त्यपण हे दोन विषय एकत्र आले, की उदाहरण म्हणून किकी स्मिथ या अमेरिकन शिल्पकर्तीचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. १९५४ साली जन्मलेल्या या कलावतीने १९८० च्या दशकात मानवी देहाचे अवयव, त्वचा, रक्त हेच आपल्या कामाचे विषय केले. १९८० साली तिचे वडील, शिल्पकार टोनी स्मिथ, वारले. १९८८ साली बहीण एड्सने गेली. देहाचे नाशिवंतपण असे घरातच पाहिलेली ही कलावती त्या शतकाच्या अखेरीस लांडगा आणि लाल टोपीवाली मुलगी यांच्या जगाकडे वळली. २००१ सालच्या 'रॅप्चर' या तिच्या ब्राँझशिल्पात आडव्या पडलेल्या लांडग्याच्या पोटातून एक प्रौढ स्त्री पाऊल टाकून बाहेर येते. मूळ कथेत मुलीला सोडवायला शिकारी येतो. येथे शिकारी नाही. ती आपली आपण बाहेर आली आहे, आणि आता ती लहान मुलगीही राहिलेली नाही.

साहित्याच्या वर्गात अँजेला कार्टर यांचा 'द ब्लडी चेंबर' (१९७९) हा कथासंग्रह ज्यांनी शिकवला वा शिकला असेल, त्यांना ही वाट ओळखीची वाटेल. स्त्रीने जुनी गोष्ट हाती घ्यावी, तिचा शेवट उलगडावा आणि तो नव्याने विणावा, असा हा व्यवहार आहे. तो आपल्याकडे बाहेरून आला, असे आपण सहज म्हणून जातो. या निबंधात आम्ही त्या समजुतीची थोडी तपासणी करणार आहोत. तीही एका लहानशा भूभागापुरती, गिरगाव-फोर्टपासून भायखळा, लालबाग, परळपर्यंतच्या मुंबईपुरती. येथे स्त्रीच्या स्वप्नाला घडीव रूप कोणी दिले, कोणत्या द्रव्यात दिले, आणि त्या रूपाचा शेवट ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे तीन प्रश्न आम्ही विचारू पाहतो.

'परीकथा' हा शब्द आपल्याकडे तसा उशिराचा. मराठी कथेत परी क्वचितच भेटते. भेटते ती आटपाट नगरातील नावडती राणी, सवतीच्या जाचातली सून, दारिद्र्याने गांजलेल्या ब्राह्मणाची बायको. दुर्गा भागवत आणि सरोजिनी बाबर यांच्यासारख्या अभ्यासकांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला प्रतिष्ठा मिळवून दिल्यावर या कहाण्यांकडे आपण वाङ्मय म्हणून पाहू लागलो. परंतु त्या वाचायच्या आधी ऐकायच्या होत्या, आणि ऐकायच्या त्या एखाद्या मूर्तीसमोर बसून. कथा आणि शिल्प यांची अशी जोडी आपल्या व्रतांत नांदते, हे आमच्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

ज्येष्ठागौरीची कहाणी आठवून पाहावी. गावात घरोघर गौरी येतात. गरिबाची मुले आईजवळ हट्ट धरतात. आई त्यांना बापाकडे पाठवते. बापाजवळ काही नाही. तो तळ्याकडे निघतो, ते जीव देण्यासाठी. वाटेत एक म्हातारी भेटते आणि त्याच्यासोबत घरी येते. रिकामी मडकी धान्याने भरतात, गोठ्यात गाईवासरे हंबरू लागतात, मुलांच्या पानात गोडधोड पडते. मग तीच म्हातारी आपल्याला पोचवून यायला सांगते. ती थांबणार नसते. तिने दिलेले ऐश्वर्य टिकावे म्हणून मागे काय उरते, तर तळ्याकाठची वाळू. ती घरभर टाकायची, भांड्यांत टाकायची.

ही कहाणी आपण इतक्या वेळा ऐकलेली असते, की तिची रचना डोळ्यांआड होते. तिची सुरुवात आत्महत्येच्या उंबरठ्यावर आहे आणि शेवट निरोपात. मध्ये आहे ते बाईचे स्वप्न, आणि ते राजवाड्याचे नसून भरल्या मडक्यांचे आहे. या स्वप्नाला मुदत आहे, हे कहाणीला पहिल्यापासून ठाऊक असते. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन, अशी ती मुदत पंचांगाने बांधून दिलेली आहे.

आता याच कथेचे शिल्प पाहू. गिरणगावात, म्हणजे लालबाग-परळच्या चाळींत, कोकणातून आलेल्या कुटुंबांनी आपल्या गौरी सोबत आणल्या. दहा बाय बाराच्या खोलीत, जेथे माणसांनाच पाय पसरायला जागा नाही, तेथे भाद्रपदात ही माहेरवाशीण उभी राहते. तिची घडण पाहण्यासारखी असते. धड म्हणजे एखादा लोखंडी किंवा लाकडी स्टँड; कुठे तेरड्याची रोपे, कुठे पाणवठ्यावरून आणलेले खडे. वर शाडूचा, पितळेचा किंवा अलीकडे फायबरचा मुखवटा. पोकळ जागेला नेसवलेली साडी, निऱ्यांवर टाचण्या, गळ्यात दागिने. नव्या सुनेचा पहिला ओवसा असेल, तर सुपे भरून तिच्यापुढे मांडलेली. काही घरांत तिला तिखटाचा नैवेद्य लागतो, कारण माहेरी आलेल्या लेकीला जे आवडते तेच वाढायचे.

कलाशाळेच्या भाषेत बोलायचे, तर विविध द्रव्ये एकत्र आणून उभारलेली ही रचना आहे, आणि ती बहुतेक स्त्रियांच्या हातची आहे. मुखवटा मूर्तिकाराकडचा असला, तरी देह उभा करणाऱ्या घरच्या बायकाच. तिसऱ्या दिवशी त्याच बायका तो देह उतरवतात. दागिने काढून ठेवले जातात, साडीची घडी होते, स्टँड माळ्यावर जातो. शाडूचा मुखवटा असेल तर तो पाण्यात विरघळतो. पितळेचा असेल तर कापडात गुंडाळून पुढच्या वर्षाची वाट पाहतो. गिरगावच्या किंवा दादरच्या चौपाटीवरून परतताना मूठभर वाळू घरी आणण्याची रीत आहे, म्हणजे कहाणीतला शेवट दरवर्षी प्रत्यक्ष घडवला जातो. नाशिवंतपणाचे इतके रोखठोक भान बाळगणारे शिल्प आम्हांला मुंबईच्या कलादालनांत फार थोड्या ठिकाणी दिसते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबत गेले, चाळी पडून मनोरे उभे राहू लागले. तरी चाळी सोडून उपनगरात गेलेली कुटुंबे आपली गौर सोबत घेऊन गेली. जे मोडण्यासाठीच घडवलेले असते, ते पुन्हा कोठेही उभे करता येते.

घरातल्या या अनामिक शिल्पाशेजारी आता कलाशाळेतील शिल्प ठेवू. सन १८९६. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील गणपतराव काशिनाथ म्हात्रे या विशीच्या आसपासच्या विद्यार्थ्याने एक मानवी आकाराचा पुतळा घडवला. नऊवारी नेसलेली, हातात पूजेचे साहित्य घेतलेली एक तरुणी अनवाणी चालली आहे. 'टू द टेंपल' या नावाने ती बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात गाजली. मराठीत ती 'मंदिरपथगामिनी' झाली. भारतीय माणसाला शिल्प घडवता येत नाही, असे मानणाऱ्या काळात तिचे कौतुक जॉर्ज बर्डवुड यांच्यासारख्या इंग्रज जाणकाराने केले; थोड्याच काळात रवींद्रनाथ ठाकुरांनी तिच्यावर बंगालीत लेख लिहिला. मराठी शिल्पकलेच्या आधुनिक इतिहासाची सुरुवात बहुतेक लेखक याच पुतळ्यापासून करतात.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १८९६ मध्ये, मुंबईत आणखी एका स्त्रीच्या पुतळ्याची चर्चा झाली. मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची ती शहराला भेट, १८७२ पासून फोर्टमध्ये दिमाखाने बसला होता. कोणीतरी रात्री त्याला डांबर फासले. पुढे दामोदर चापेकरांनी ते कृत्य आपले असल्याचे सांगितले. डाग काढण्यासाठी त्रिभुवनदास गज्जर या रसायनतज्ज्ञाला बरेच प्रयोग करावे लागले. स्वातंत्र्यानंतर रस्त्यांवरून हटवलेले वसाहतकालीन पुतळे भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात गेले, त्यांत हीदेखील गेली. छत्र गेले, नाक आणि हात यांची मोडतोड झाली. शेजारच्या उद्यानाला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव दिले गेले, पण लोकांच्या तोंडी ती 'राणीची बाग'च राहिली. कायमस्वरूपी म्हणून घडवलेल्या राणीची अशी परवड झाली.

मंदिरपथगामिनीचे द्रव्य मात्र साधे प्लास्टर. शिल्पकार आधी लोखंडी सांगाड्यावर माती चढवतो. त्या मातीवर प्लास्टरचा साचा घेतला, की आतली माती उकरून काढावी लागते. साच्यात प्लास्टर ओतून ते घट्ट झाले, की साचाही फोडावा लागतो. म्हणजे मूर्ती हाती येईपर्यंत तिचे दोन पूर्वावतार नष्ट झालेले असतात. प्लास्टर हा खरे तर मुक्काम. तेथून ब्राँझ किंवा संगमरवर गाठायचा. ही तरुणी त्या मुक्कामावरच प्रसिद्ध झाली. ज्याच्या हातून ती घडली, त्याच म्हात्र्यांनी पुढे अहमदाबादसाठी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा घडवला, हा इतिहासातील एक सूचक योग म्हणावा लागेल.

परंतु आमचा प्रश्न असा, की मंदिरपथगामिनी हे कोणाचे स्वप्न? तिच्याकडे पाहताना आपल्याला मंदिर दिसत नाही. दिसते ती चाल, साडीच्या चुण्यांतून जाणवणारा देह, खाली झुकलेली विनम्र नजर. सुशिक्षित मराठी मध्यमवर्गाला आपली स्त्री जशी असावीशी वाटत होती, तशी ती आहे: पारंपरिक, सुंदर, शांत, आणि वाटेवर असूनही घराबाहेर न पडलेली. तिला काय हवे, हे पुतळा विचारत नाही. आणि ती ज्या वाटेने चालली आहे, ती वाट शहरातल्या सगळ्या स्त्रियांना खुली नव्हती. परळच्या चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात दलित स्त्रियाही होत्या. त्याही मंदिराच्या वाटेवरच निघाल्या होत्या, पण त्यांचे दरवाजे बंद होते. हा तपशील मनात ठेवून प्लास्टरच्या त्या तरुणीकडे पुन्हा पाहिले, की तिच्या सौंदर्याला धक्का लागत नाही. तिच्या चालीतला निर्धास्तपणा मात्र विशेषाधिकारासारखा दिसू लागतो.

शिल्पशाळेत स्त्री दीर्घकाळ मॉडेल होती, विषय होती; छिन्नी किंवा वेल्डिंगची मशाल हाती घेणारी ती उशिरा झाली. मुंबईत या संदर्भात पिलू पोचखानवाला (१९२३–१९८६) यांचे नाव आधी घ्यावे लागते. जाहिरात व्यवसायातून त्या शिल्पकलेकडे आल्या; ना. ग. पानसरे यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले. लाकूड आणि सिमेंट यांतील मानवाकृतींपासून निघून त्या जोडलेल्या धातूच्या, भंगारात मिळणाऱ्या तुकड्यांच्या अमूर्त रचनांपर्यंत पोचल्या. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व त्यांनी काय घडवले इतकेच काय नाकारले यातही आहे. म्हात्र्यांच्या परंपरेतली सुडौल नायिका त्यांनी पुन्हा घडवली नाही. यंत्रांच्या या शहरातले टाकाऊ लोखंड त्यांनी द्रव्य म्हणून स्वीकारले. वापरून झालेल्या, आयुष्य संपलेल्या वस्तूंना पुन्हा उभे केले. स्वप्न सुंदरच असले पाहिजे ही अट त्यांच्या कामाने काढून टाकली. कावसजी जहांगीर सभागृहाचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात रूपांतर व्हावे यासाठी त्यांनी आग्रह धरला; ते १९९६ साली खुले झाले, तेव्हा त्या हयात नव्हत्या.

या वाटेवरचा पुढचा टप्पा म्हणून आम्हांला शकुंतला कुलकर्णी यांचे काम दिसते. १९५० साली जन्मलेल्या या कलावतीचे शिक्षण जे. जे. आणि बडोद्याचे, कर्मभूमी मुंबई. चित्र, रंगभूमी, व्हिडिओ या माध्यमांतून फिरत त्या २०१० नंतर वेताकडे वळल्या. 'ऑफ बॉडीज, आर्मर अँड केजेस' ही त्यांची मालिका २०१२ साली फोर्टमधील केमोल्ड प्रेस्कॉट रोड या कलादालनात मांडली गेली. वेतकाम करणाऱ्या कारागिरांच्या साहाय्याने त्यांनी स्वतःच्या देहाच्या मापाची चिलखते विणली: शिरस्त्राण, छातीवरचे कवच, पायघोळ घेर. ती अंगावर चढवून त्या शहरातील सार्वजनिक जागी उभ्या राहिल्या आणि त्या उभे राहण्याची छायाचित्रे घेतली गेली.

परीकथेत चिलखत घालतो तो राजपुत्र, आणि मनोऱ्यात बंद असते ती राजकन्या. या कामात मनोरा आणि चिलखत एकाच विणीचे आहेत. जे अंगाचे रक्षण करते, तेच हालचाल रोखते. वेताच्या चौकटीतून ती आपल्याकडे पाहते, तेव्हा ती योद्धा आहे की बंदिवान, हे ठरवता येत नाही. शहरात सुरक्षितपणे फिरता यावे, हे आजच्या स्त्रीचे सर्वांत साधे आणि सर्वांत परीकथेसारखे स्वप्न. त्याची किंमत पिंजऱ्याएवढी असावी का, असा प्रश्न ही वीण विचारते. पिंजरा कोणी दुसऱ्याने घातलेला नाही. तो तिने स्वतः मापून विणून घेतला आहे, आणि म्हणूनच प्रश्न अधिक बोचतो.

मर्त्यपणाचा धागा येथे कुठे येतो? आमच्या मते, ती चिलखत उतरवते त्या क्षणी. दालनात ही वेतशिल्पे रिकामी उभी असतात. खांदे आहेत, कंबर आहे, डोक्याचा आकार आहे, आणि आत कोणी नाही. देह निघून गेल्यावर उरलेली आकृती म्हणजे दुसरे काय? वेत हे द्रव्यही दीर्घायुषी नाही. ओलीने, किडीने, वाळून ते जाते. संगमरवराने मृत्यूला दिलेले आव्हान येथे नाही. स्टँडवर साडी नेसवून उभी केलेली, आतून पोकळ, तीन दिवसांची गौर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही पोकळी परकी वाटणार नाही. कलावतीने गौर मनात धरून हे काम केले, असा आमचा दावा नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र या शहराने अशी पोकळ, विणलेली, नेसवलेली आणि उतरवली जाणारी स्त्री-मूर्ती वाचायला आधीच शिकवलेले आहे, एवढेच आम्ही म्हणतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या डिओर या फॅशनघराण्याच्या प्रदर्शनासाठी कुलकर्णी यांनी वेताच्या भव्य आकृतींचे नेपथ्य केले. त्या कवचधारी आकृतींभोवती उंची वस्त्रे ल्यालेल्या तरुणी चालत गेल्या. हा प्रसंग कौतुकाचा आहे आणि थोडा अस्वस्थ करणाराही. परीकथेतील सिंड्रेलाचा झगा ज्या व्यवसायाचे मूळ स्वप्न, त्याच्या मधोमध झग्याला पिंजरा म्हणणारे शिल्प उभे राहिले. बाजाराने ते गिळले की ते बाजाराच्या घशात अडकले, याचा निर्णय इतक्या लवकर देता येणार नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे येऊ. किकी स्मिथची स्त्री लांडग्याच्या पोटातून बाहेर येते, ती मृत्यूवर मात करून. ब्राँझ हे द्रव्य त्या विजयाला साजेसे आहे. मुंबईच्या या छोट्याशा इतिहासात असा विजय आढळत नाही. येथे प्लास्टर मुक्कामावरच थांबते, संगमरवरी राणी नाक गमावते, भंगार पुन्हा उभे राहते, वेत रिकामा होतो. स्त्रीच्या स्वप्नाला या शहराने जेव्हा खरे रूप दिले, तेव्हा ते नाशिवंत द्रव्यात दिले. आणि ज्या रूपांवर स्त्रियांचा अधिकार होता, त्यांचा शेवटही स्त्रियांनी स्वतः ठरवला. मंदिरपथगामिनीला हा अधिकार नव्हता. ती आजही चालतेच आहे, कारण तिला कोणी उतरवत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना यातून एक गोष्ट सुचवावीशी वाटते. कथेचा शेवट बदलणे म्हणजेच पुनर्लेखन, असे आपण शिकतो व शिकवतो. गौरीची कहाणी सांगणाऱ्या बायकांनी शेवट बदलला नाही. पोचवण्याचा प्रसंग त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तसाच ठेवला, आणि त्यात मूठभर वाळूची भर घातली. स्वप्न जाणार आहे हे मान्य करून त्याचे काय उरवायचे, हे ठरवणे हीदेखील रचनाच आहे. समकालीन शिल्पाकडे पाहताना ही वाळू कोठे आहे, एवढे शोधण्याची सवय आपण लावून घेतली, तर परदेशी उदाहरणांचा आदर कमी होणार नाही. आपल्या घरातील माळ्यावरचा तो स्टँड मात्र आपल्याला दिसू लागेल.